फक्कीचं घर

घर घ्यायचं ठरलं की लोक बँकेत जातात, बिल्डरकडे जातात, फार तर ज्योतिषाकडे जातात. आमचे बाबा कारखान्यातून अर्धं पोतं फक्की घेऊन आले. फक्की म्हणजे चुन्याची ती पांढरी भुकटी, जिने मैदानावर रेघा मारतात. कारखान्याच्या क्रीडादिनाला कबड्डीचं मैदान आखायचं काम दर वर्षी बाबांकडे असायचं, आणि उरलेल्या फक्कीचं काय करायचं हे व्यवस्थापनाला सुचत नसे. बाबांना सुचलं. पोतं सायकलच्या कॅरियरवरून उतरवून ते आईला म्हणाले, "घर पाहाचं आहे ना तुले? उद्या सकाळी दाखवतो." आईने पोत्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि चहा टाकायला आत गेली. माझ्या आईला नवऱ्याच्या डोक्याबद्दल शंका आली की ती चहा टाकायची. त्यामुळे आमच्याकडे चहा बराच व्हायचा.

आम्ही तेव्हा हडपसरला कालव्याच्या अलीकडे, अण्णांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. अण्णा तिथले मूळचे शेतकरी, पांढरी टोपी, मोठा आवाज आणि मन त्याहून थोडं मोठं. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्याच्या आधी अण्णांच्या म्हशी ओरडायच्या आणि त्याच्याही आधी नळाखाली बादल्यांची भांडणं सुरू व्हायची. संडास चार बिऱ्हाडांत मिळून एक. आज माझ्या भाच्या स्वतःच्या बाथरूममध्ये फोन घेऊन तासभर बसतात, तेव्हा मला हेवा वाटत नाही, राग येतो. दार वाजवणारं कुणी नसेल तर माणसाला शिस्त लागणार कशी?

आम्ही चंद्रपूरकडचे. बाबा नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा खोली शोधताना एक गंमत व्हायची. घर रिकामं असायचं, पाटी लावलेली असायची, घरमालक गोड बोलत असायचे. मग ते आडनाव विचारायचे. बाबा सांगायचे. आणि ते घर कालच कुणाला तरी दिलेलं निघायचं. "पुण्यात सगळी घरं कालच जातात," बाबा म्हणायचे, आणि हे सांगताना हसायचे. आई हसायची नाही. अण्णांनीही आडनाव विचारलं होतं, पण ऐकून एवढंच म्हणाले, "बरं बरं. पानी मातर जपून वापरा, हितं पान्याची बोंब हाय." आईने त्या एका वाक्यावर अण्णांचं भाडं कधी एक दिवस थकवलं नाही. पण तिला स्वतःचं दार हवं होतं. ज्या दारात आपण आत उभं राहायचं आणि बाहेरच्याने आपलं नाव सांगायचं, असं. तिने हे इतक्या वेळा सांगितलं होतं की मला आणि माझ्या धाकट्या भावाला, राहुलला, ते पाठ झालं होतं.

दार परवडेल अशी वेळ आली ती माझ्यामुळे. हे मी फुशारकीने सांगतेय, कुणाची हरकत नसावी. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि ज्यांना व्हीसीआर लावता येत नव्हता ते लोक प्रोग्रॅमिंग शिकवत होते. मला कॅम्पातल्या एका बंगल्यात नोकरी लागली. कंपनी म्हणजे खाली मालक राहायचा, वर आम्ही अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीचे हिशेब सांभाळायचो. तिथे एसी होता, तो आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. आम्ही त्याच्या आश्रयाने होतो. माझा पगार दीड-दोन वर्षांत बाबांच्या पगाराशेजारी जाऊन उभा राहिला. बाबा जवळजवळ आयुष्यभर लेथवर उभे राहून तिथे पोचले होते. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बाहेरून जिलबी आणली आणि सगळ्यांत मोठं वेटोळं माझ्या ताटात टाकलं.

बँकेतल्या साहेबांनी बाबांचं निवृत्तीचं वय बघितलं आणि मान हलवली. मग विचारलं, घरात कमावतं कुणी आहे? बाबा म्हणाले, मुलगी. "मग मुलगी घेऊन या, दोघांच्या नावावर कर्ज होईल," साहेब म्हणाले. म्हणजे मी सही केली तर घर, नाही तर अण्णांचा नळ. अण्णांना हे कळल्यावर ते फार अस्वस्थ झाले. पोरीचं नाव घरावर? उद्या जावई काय म्हणंल? बाबा म्हणाले, जावई आला की त्याला विचारू, आधी घर येऊ द्या. अण्णांनी तंबाखू मळायला घेतली.

आईने मग हप्त्याची तालीम सुरू केली. कर्ज मिळायच्या आधीच हप्ता भरायचा, म्हणजे त्या रकमेला हात न लावता उरलेल्यात महिना काढून दाखवायचा, असा तिचा हुकूम. जमलं तर घर घ्यायचं, नाही तर तोंड बंद ठेवायचं. हल्ली हाच सल्ला द्यायला कोट घातलेली माणसं पैसे घेतात. आमच्याकडे पहिला बळी रविवारच्या मटणाचा गेला. त्याऐवजी पाटोड्यांचा रस्सा. बेसनाच्या वड्या, वर काळ्या मसाल्याची तर्री, डोळ्यांतून पाणी काढणारी. डोळे मिटून खाल्लं तर मटण, असं आई म्हणायची. राहुल डोळे मिटून खायचा आणि उघडून रडायचा. मी बसऐवजी सायकलने कॅम्पात जायला लागले. बाबांनी दाढी एक दिवसाआड केली. याने किती बचत झाली ते त्यांनाच माहीत, पण घरासाठी आपलंही काही जावं, असं त्यांना वाटत होतं.

तर ती फक्की. अण्णांच्या घरामागे त्यांचं एक वावर पडीक होतं. बाबांनी परवानगी मागितली, अण्णा आधी घाबरले आणि मग बघायला येऊन बसले. बाबांनी माहितीपत्रकातलं घराचं क्षेत्रफळ घेतलं, खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि अगदी खऱ्या मापाचं घर जमिनीवर आखलं. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर, मोरी, आणि एक बाल्कनी, जिच्यातून अण्णांचा उकिरडा दिसत होता. दारांच्या जागी रेघ सोडली होती. आम्ही चौघं चपला बाहेर काढून दारातून आत गेलो. मी थट्टा करत नाहीये, खरोखर चपला काढल्या. आईने विटा रचून ओटा केला, त्यावर पालथी बादली ठेवली, तो गॅस. बेडरूम राहुलच्या अभ्यासाची, तो पॉलिटेक्निकला होता. आई-बाबा हॉलमध्ये दिवाणावर. आणि मुख्य दाराशेजारचा कोपरा माझा. मी तिथे माझी सतरंजी टाकली, उशी ठेवली आणि आडवी होऊन वर बघितलं. वर आभाळ होतं. पण ते माझ्या कोपऱ्यातलं होतं. पंचविशीला आलेल्या मला, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न ओलांडता झोपता येईल अशी जागा मिळाली होती.

त्या घरात आम्ही बरेच रविवार काढले. रेघा विस्कटल्या की बाबा पुन्हा मारायचे. आसपासच्या पोरांनी एकदा पांढऱ्या रेघा बघितल्या आणि आमच्या हॉलमध्ये कबड्डी सुरू केली. आई ओट्याजवळून ओरडली, "अबे, लोकाच्या घरात काऊन नाचून राहिले?" पोरं बिचारी गोंधळून पळाली, त्यांना लोकाचं घर कुठेच दिसत नव्हतं. अण्णा बांधावर बसून मजा बघायचे. जागा माझी, घर तुमचं, तर भाडं कुणी कुणाला द्यायचं, असा प्रश्न ते दर रविवारी नव्याने विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

मग बुकिंगआधी नमुन्याचा फ्लॅट बघायला गेलो. हडपसरलाच, पण गाडीतळाच्या पुढे, जिथे तोवर ऊस होता. तिथे टाय लावलेला एक तरुण होता. तो कुणाकडे बघून हसायचं हे आधी बुटांवरून ठरवायचा. आमच्याकडे बघून तो हसला नाही. पूर्वेच्या दाराला जास्त पैसे पडतात, असं त्याने सांगितलं. बाबा म्हणाले पश्चिमेचं द्या, सूर्य तिकडेही येतो. मग बाबा बेडरूममधल्या पलंगावर सरळ आडवे झाले. पाय घोट्यापर्यंत बाहेर. नमुन्याच्या फ्लॅटमधलं सामान मुद्दाम आखूड करून ठेवतात, खोली मोठी दिसावी म्हणून, हे आम्हाला कुठे माहीत? "काका, झोपायला नाहीये तो," टायवाला म्हणाला. बाबांनी उठून खिशातून टेप काढला आणि हॉल मोजला. पुन्हा मोजला. आमच्या वावरातल्या हॉलपेक्षा हा चांगलाच लहान होता. टायवाल्याने कंटाळून समजावलं की छापलेल्या मापात भिंती धरतात, जिना धरतात, लिफ्टची जागा धरतात, याला सुपर बिल्टअप म्हणतात आणि सगळं जग असंच घर घेतं.

"म्हणजे जिन्याचेही पैसे आम्ही द्याचे?" बाबांनी विचारलं.

"जिना वापरणार ना काका? का दोरीने चढणार?"

बाबांनी टेप गुंडाळला. त्यांना अपमानाचं काही वाटलं नाही, चुकल्याचं वाटलं. आयुष्यभर मापात राहिलेला माणूस. परत येताना बसमध्ये ते एकटेच बोटांनी काहीतरी मोजत होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी घर पुन्हा आखलं, या वेळी खऱ्या मापाने. जुन्या रेघा पायाने पुसत गेले आणि नव्या आत आत ओढत आले. बेडरूम आकसली, पण राहुलचं टेबल बसलं. स्वयंपाकघर आकसलं, पण ओटा राहिला. दिवाण राहिला. मग सुतळी मुख्य दाराशी आली आणि माझ्या सतरंजीवर आडवी पडली. बाबा थांबले. मी सतरंजीवरच बसले होते, नवी भिंत माझ्या गुडघ्यांवरून जात होती. माझा कोपरा घराच्या बाहेर गेला होता, जिन्यात. इकडून तिकडून सरकवून बघितलं, दिवाण हलवला, राहुलचं टेबल उभं केलं, पण चौथं माणूस काही त्या घरात मावेना. शेवटी आई बोलली, अगदी सहज, बादलीवरची धूळ पुसत.

"तिचं काय एवढं? ती तर जाऊनच राहिली. वर्ष-दोन वर्षांत लग्न होईल. तोवर कुठंही टाकन पथारी."

मला राग चटकन येतो, आजही येतो, माझा नवरा साक्षीला आहे. पण तेव्हा राग आला नाही. मी सतरंजी गुंडाळली, उशी काखेत घेतली आणि रेघ ओलांडून बाहेर, जिन्यात जाऊन बसले. म्हटलं, "बरं आहे. मग हप्ताही मी इथूनच भरत जाईन. कागद आणा इकडे, जिन्यातच सही करते." बांधावर अण्णा होते, त्यांनीसुद्धा तंबाखू मळायची थांबवली. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. राहुल म्हणाला, मितू, तू माझ्या खोलीत झोप. आई त्याच्यावर खेकसली, मोठ्या झालेल्या बहीणभावांनी काय एका खोलीत झोपायचं?

बँकेत जायचं त्या शुक्रवारी होतं. मी घरात सांगून टाकलं की मी येणार नाही. आता मागे वळून बघताना वाटतं, बोलले ते बरोबरच होतं, पण बोलताना मजाही आली होती, ती मात्र यायला नको होती. आईचं दार माझ्या हातात होतं आणि ते मला माहीत होतं. घरात तीन-चार दिवस पाटोड्याच पाटोड्या झाल्या. आई रागावली की मसाला वाढायचा. बुधवारी जेवताना ती माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, की तिच्या माहेरी ती बाळंतपणाला गेली तेव्हा तिला ओसरीत खाट दिली होती. मधली खोली भावांची. तिने जन्मापासून जी खोली सारवली, ती. "मले कोणी विचारलं होतं काय, तुले कुठं पाहिजे म्हणून?" एवढं बोलून तिने मला भात वाढला. मला वाटलं, ती मला सांगतेय की मुकाट राहा, आम्हीही राहिलो. म्हणून मी भात तसाच टाकून उठले.

गुरुवारी सकाळी मी दात घासत मागच्या दाराशी आले, तर वावरात आई. साडीचा पदर खोचलेला, हातात फक्कीचं डबडं. ती चपलेने स्वयंपाकघराची रेघ पुसत होती. पुसून झाल्यावर तिने नवी रेघ बरीच आत, जवळजवळ ओट्याला चिकटून मारली. वाकडीतिकडी, बाबांच्या रेघांच्या जवळपासही न जाणारी. मग ती त्या पट्टीत उभी राहिली आणि स्वयंपाक करून बघायला लागली. ओट्यावरून वळली, पाठ रेघेबाहेर गेली. ती परत आत आली. अंग तिरकं केलं, एक खांदा पुढे, आणि नसलेल्या परातीत नसलेली कणीक मळली. पुन्हा वळली. या वेळी पाठ रेघेच्या आत राहिली. बाबा खुंटीपाशी सुतळी धरून उभे होते, ते मला तेव्हा दिसले.

"एवढ्यात पोळी लाटता येनार नाही तुले," ते म्हणाले.

"माहं मी पाहीन. तुमी पोरीची सतरंजी टाकून पाहा, मावते का."

बाबांनी सतरंजी टाकली. स्वयंपाकघरातून काढलेल्या जागेत, बाल्कनीच्या दाराशी, ती पूर्ण मावली. उशीसकट. मी दारात उभी होते, तोंडात फेस, हातात ब्रश, आणि रडायला लागले. पेस्ट तोंडात असताना रडू नये, ठसका लागतो. मी इतकी खोकले की आई धावत आली, पाठीत धपाटे घातले आणि म्हणाली, मरशील ना, थुंक आधी. आमच्यात समेट झाला तो असा.

शुक्रवारी मी सही केली. बिल्डरची वीट चढायच्या आधी आई रोज भर उन्हात बांधकामावर जाऊन बसली आणि गवंड्याकडून स्वयंपाकघराची भिंत आत सरकवून घेतली. नकाशाप्रमाणे नाही, असं टायवाला म्हणाला. आई म्हणाली, "नकाशात तुह्या आईनं स्वयंपाक करून पाह्यला होता काय?" आम्ही राहायला गेलो तेव्हा भन्ते आले, वंदना झाली, खीर झाली, अण्णा टोपी काढून मागे बसले. आईचा फ्रिज स्वयंपाकघरात मावला नाही, तो हॉलमध्ये ठेवला. येणारा प्रत्येक पाहुणा हा फ्रिज इथे का, असं विचारायचा. आई म्हणायची, उकडते त्याला आत. अण्णांचं ते वावर पुढे विकलं गेलं. आमचं पहिलं घर जिथे होतं तिथे आता पार्किंग आहे. खराडीला नोकरीला जाणारी पोरं तिथून गाड्या काढतात. माझ्या कोपऱ्यावर बहुतेक कुणाची तरी स्कूटर उभी असते.

हप्ते सुरू झाल्यावर मला बघायला लोक यायला लागले. एक मुलगा आईवडलांबरोबर आला, उंच, बुजरा, आणि हॉलमध्ये गर्दी बघून सरळ बाल्कनीच्या दाराशी माझ्या सतरंजीवर जाऊन बसला. आई पोह्यांच्या बश्या घेऊन आतून तिरकी तिरकी बाहेर आली आणि थबकली. "तिथं नका बसू," ती त्याला म्हणाली, "ती मितूची जागा आहे." बाबांनी डोळे मिटले. मुलाची आई चपापली. मुलगा मात्र पटकन उठला, "सॉरी, मला माहीत नव्हतं," असं माझ्याकडे बघून म्हणाला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. मी त्याला हो म्हटलं ते त्यासाठी. बाकीचे गुणदोष मला नंतर कळले, आणि तोवर उशीर झाला होता.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणापर्यंत ती त्या चिंचोळ्या जागेत तिरकी उभी राहून रांधत होती, आणि मी माहेरी गेले की सतरंजी टाकलेली असायची. मागच्या दिवाळीत राहुलने घर रंगवायला काढलं, मी देखरेखीला होते. पेंटरने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यासमोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, एक मोठा गुळगुळीत डाग आहे. पाठ घासून घासून तिथला रंगच नव्हे, गिलावासुद्धा झिजलाय. "मॅडम, हा डाग झाकत नाही. खरवडून पुट्टी मारू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तेवढी भिंत सोडा. तो म्हणाला, सोडतो, पण पैसे पूर्ण भिंतीचे पडतील. म्हटलं, पडू द्या, आम्ही जिन्याचेही दिले होते.